आडनावाचा रकाना

उल्काचे वडील खंडोजी मल्लेश्वरममध्ये शिवणकाम करायचे. घराणं तीन-चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच बोलत, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याहून कुणी पाहुणा आला की तो दोन वाक्यांनंतर हसायचा. उल्काला शाळेत घातलं तेव्हा हेडमास्तरांनी आडनाव विचारलं. खंडोजी म्हणाले, "आडनाव नको. नुसतं उल्का. पुढं माझं एक अक्षर लावा, पुरे." इकडच्या रीतीप्रमाणे ती के. उल्का झाली आणि बी.एस्सी. होईपर्यंत कुणाचंही काही अडलं नाही.

अडलं ते २००३ साली, इंदिरानगरच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा. परदेशी प्रकाशकांच्या शास्त्रीय जर्नलांसाठी लेख तयार करून देणारी ती कंपनी. भरतीच्या फॉर्मवर नावाचे दोन रकाने होते आणि दुसऱ्यात एकच अक्षर घातलं की कॉम्प्युटर फॉर्म परत करी. शेवटी तिनं दुसऱ्या रकान्यात 'खंडोजी' लिहून टाकलं. मग लंडनहून पत्रं येऊ लागली, 'डिअर मिस्टर खंडोजी'. वडिलांना सांगितल्यावर ते मशीन थांबवून हसले होते. ते गेले तरी ती पत्रं तशीच येत राहिली.

काम किचकट होतं. लेखक आपापल्या मर्जीनं वर्डमध्ये लेख लिहून पाठवत. कुणी शीर्षक ठळक करी, कुणी नुसतंच मोठं. प्रत्येक जर्नलचा साचा वेगळा. त्यातलं शीर्षक कोणतं, लेखक कोण, तळटीप कुठली, हे एकेका ओळीला खूण करून सांगावं लागे. हॉलमध्ये चाळीस मुली बसून दिवसभर तेच करत. उल्का त्यांतलीच एक. पण तिला कंटाळा फार लवकर यायचा. कंटाळ्यापोटीच ती पुस्तकं आणून कोड लिहायला शिकली आणि २०१५ साली तिनं एक सॉफ्टवेअर लायब्ररी तयार केली. एका बाजूनं लेख घालायचा, दुसऱ्या बाजूनं तो हव्या त्या जर्नलच्या साच्यात निघायचा. तिचं नावही तिनं 'साचा' असंच ठेवलं. कंपनीनं ती सगळ्यांसाठी फुकट खुली करू दिली. दोन-तीन वर्षांत कुठल्या कुठल्या देशांतली लहान प्रकाशनं ती वापरू लागली. म्हैसूर-तिरुपतीपलीकडे कधी न गेलेल्या उल्काला ब्राझीलहून आभाराचे मेल यायचे. ती ते आईला, सुनंदाबाईंना, वाचून दाखवायची. तिचं लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल आता कुणी विचारतही नव्हतं. जिथं तिथं लोक तिला 'साचावाली' म्हणत आणि तिला ते आवडायचं.

२०१७ मधल्या एका शुक्रवारी दुपारी तीनशे लेखांचा गठ्ठा पाच वाजेपर्यंत द्यायचा होता. मधल्याच एका लेखावर साचा अडून बसली. त्या लेखकाला एकच नाव होतं. जर्नलला आडनाव हवंच होतं. तो रकाना रिकामा चालत नसे. योग्य उपाय उल्काला ठाऊक होता, पण त्याला दोन दिवस लागले असते. तिनं एक ओळ लिहिली: आडनाव नसेल तर ते नाव सोडून पुढं जा, आणि तशी नोंद करून ठेव. सोमवारी नीट करू, असं मनाशी म्हणाली. सोमवारी दुसरंच काही निघालं. ती नोंदींची फाईल पुढं कुणी उघडली नाही.

चूक उघडकीला न येण्याचं एक कारण होतं. लेखकांना तपासायला जी प्रत जाई, ती वेगळ्या वाटेनं, थेट वर्डमधून तयार होई. तीत सगळी नावं असत. प्रसिद्ध होई ती प्रत मात्र साचातून गेलेली. एकच नाव असलेला माणूस तपासणीच्या प्रतीत आपलं नाव बघे, खूश होई आणि छापील प्रतीतून नाहीसा होई.

२०२१ साली साचाच्या सार्वजनिक पानावर एका मुलीनं तक्रार लिहिली. तिचं नाव भव्या. नाचणीच्या करपा रोगावरच्या लेखात चार लेखक होते, छापून तीनच आले. चौथीचं नाव कौशल्या. हे तुमच्या लायब्ररीत होत असावं असं मला वाटतं, कृपया बघा. सकाळची अकराची वेळ होती. त्या आठवड्यात सूचना न वाचता तक्रार करणारे चार जण होऊन गेले होते. उल्कानं दोन ओळी लिहिल्या. लायब्ररीत दोष नाही. लेखकांची नावं नीट, दोन भागांत पाठवलेली आहेत का ते आधी तपासा. आणि तक्रार बंद करून टाकली.

ती शुक्रवारची ओळ तिला त्या क्षणी आठवली का? आठवली. पुसट, पण आठवली. फाईल उघडून बघायला पाच मिनिटंही लागली नसती. ती चहा प्यायला खाली गेली.

त्यानंतर तीन वर्षं गेली. २०२४ च्या नोव्हेंबरात श्रीरंग नावाचा एक जण टीममध्ये आला. पुण्याचा, तिशीचा, शांत. कुठलंही जुनं काम हाती आलं की आधी ते सगळं वाचून काढायची त्याला सवय. तिसऱ्या आठवड्यात तो लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"उल्काताई, एक मिनिट? हे थोडं विचित्र आहे."

त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती ओळ पिवळ्या रंगात होती.

"इथं सिंगल नेम असलं की आपण ऑथरच ड्रॉप करतोय. मी पब्लिकली मिळतील तेवढे आर्टिकल्स काढून ओरिजिनल वर्ड फाईल्सशी कंपेअर केले. चारशे सदतीस नावं गेलीत. बहुतेक आपल्याकडची, थोडी इंडोनेशियातली."

उल्कानं ती ओळ लगेच ओळखली. तोंडातून मात्र शब्द सरळ निघाले. "ते फार जुनं आहे. तेव्हा चार-पाच जण यात काम करायचे. कुणी लिहिलं ते आता सांगता यायचं नाही."

बोलता बोलताच तिची नजर स्क्रीनच्या डाव्या कडेला गेली. प्रत्येक ओळ कुणी आणि कधी लिहिली ते तिथं दिसतं. पिवळ्या ओळीशेजारी 'उल्का खंडोजी' असं लिहिलेलं होतं, तारखेसकट. श्रीरंगनंही ते वाचलेलं होतं. न वाचता तो आलाच नसता.

"हां, असू शकतं," तो म्हणाला आणि हळूच लॅपटॉप मिटला. "मी फिक्स करून ठेवतो. तुम्ही बघा मग."

त्यानं पकडलं असतं, हसला असता, निदान भुवई उचलली असती, तरी तिला बरं वाटलं असतं. त्यानं तिची लाज राखली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईची लाज तिशीतल्या मुलानं राखावी आणि तिनं ती राखू द्यावी, हे तिला दिवसभर गिळता आलं नाही. दुपारी तो समोरून आला तर ती उगाच फोन कानाला लावून जिन्याकडे वळली.

त्या दिवशी घरी ताटावर बसून ती नुसतीच भात कालवत राहिली. सुनंदाबाई बघत होत्या.

"काय झालं गं? सार तिखट झालं काय?"

"नाही. ऑफिसात एक चूक निघाली."

"तुझी?"

"हो."

"मग सांगून टाक की. स्वल्प बोलणी बसतील, तेवढंच."

"विचारलं त्यानं. मी खोटं बोलले, अम्मा. माझी नाही म्हटलं."

सुनंदाबाईंनी पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चुकीचं मागनं बघ. ते खोटं आधी निस्तर." एवढं म्हणून त्या ताक आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी श्रीरंग जागेवर बसायच्या आत उल्का त्याच्या टेबलाशी उभी होती. "ती ओळ माझी आहे," ती म्हणाली. "काल मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं." त्यानं मान हलवली. "आणि तीन वर्षांपूर्वी एकीनं हेच लिहिलं होतं. मी तिला उडवून लावलं." हे त्याला माहीत नव्हतं. तिनं ते पान उघडून दाखवलं. तो वाचत असताना ती खिडकीबाहेर बघत राहिली. स्वतःची ती दोन वाक्यं दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचली जाताना बघणं तिला जमेना.

साचाच्या पानावर जाहीर कबुली द्यायची असं ठरलं. पहिला मसुदा तिनं लिहिला: 'चूक आढळून आली', 'नावं गळली', 'गैरसोय झाली'. सगळं आपलं आपण घडल्यासारखं. श्रीरंगला तो वाचायला दिला. तो म्हणाला, "ओके आहे." ते इतक्या पटकन म्हणाला की तिनं कागद परत घेतला. दुसऱ्या मसुद्यात तिनं लिहिलं: ही ओळ मी लिहिली. मला सांगण्यात आलं तेव्हा मी बघितलं नाही. सांगणारीचीच चूक आहे असं मी तिला लिहिलं. इंग्रजीत 'मी'साठी एकच उभं अक्षर असतं. त्या पानावर ते सात वेळा आलं होतं. पाठवल्यावर तिनं फोन बंद करून ठेवला.

उत्तरं आली. काही कडू होती, बरीचशी कोरडी. एकानं लिहिलं की त्याच्या विद्यार्थ्याची बढती अशाच एका लेखावर अडली होती. उल्कानं प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं. आणि भव्याला स्वतंत्र मेल पाठवला. ती आता जर्मनीत होती. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं, तीनच ओळींचं. दुरुस्ती करून घ्या. कौशल्याक्कांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. माझ्या तोंडून त्यांना ते खरं वाटणार नाही. खाली जयनगरचा पत्ता होता.

शेवटच्या वाक्याचा अर्थ उल्काला नीट कळला नाही. दुरुस्त झालेला लेख हातात येईपर्यंत जानेवारी उजाडला. एका रविवारी ती मेट्रोनं जयनगरला गेली. पिशवीत लेखाची छापील प्रत होती. काही गोड न्यावं का, असा विचार करत ती मिठाईच्या दुकानाशी थांबली आणि तशीच पुढं गेली. पेढे कशाचे म्हणून द्यायचे?

घर कौशल्याच्या धाकट्या बहिणीचं, राजलक्ष्मीचं होतं. दारात चटईवर साठीची एक बाई अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. काटक, केस घट्ट बांधलेले, नाकावर चष्मा. उल्कानं कन्नडमध्ये नाव सांगितलं, भव्यानं पत्ता दिला म्हणाली. भव्याचं नाव ऐकताच त्या बाईचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"बन्नी," ती म्हणाली. "या, बसा."

उल्का चटईच्या कडेला बसली. येताना सगळं पाठ करून आली होती, पण पाठ केलेलं काही कामाला आलं नाही. ती तुटक तुटक सांगत गेली. तपासायच्या प्रतीत नाव होतं, छापील प्रतीत नव्हतं. ते मधे मी लिहिलेल्या एका ओळीनं गाळलं. भव्यानं मला विचारलं होतं. मी तिला लिहिलं की तुम्हीच नाव नीट पाठवलं नसेल.

"ते मला वाचून दाखवलंय," कौशल्या म्हणाली.

"काय?"

"तुम्ही लिहिलेलं. आमच्या शेती संशोधन केंद्रातल्या क्लार्कनं. कन्नडमध्ये करून, सगळ्यांसमोर. कंपनी म्हणते, नाव नीट पाठवलंच नव्हतं." तिनं एक शेंग मोडली. "सव्वीस वर्षं मी त्या शेतात होते. पानावरचे डाग मोजायचे. सखल वाफ्यातली नाचणी आधी करपते, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. भव्यानं ती वही वाचली. म्हणाली, अक्का, तुमचं नाव लावायचं. कसं लिहू? मी एक दिवस विचार केला. नवऱ्याचं अक्षर मी केव्हाच सोडून दिलेलं. वडिलांचं पुन्हा लावायचं मनात येईना. म्हटलं, कौशल्या. तेवढंच लिही."

आतून प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"मग तिनं मला तो कागद दाखवला, त्यात नाव होतं. राजलक्ष्मीच्या मुलांनासुद्धा दाखवला मी. आणि पुस्तक आलं त्यात नाही. ती म्हणाली, कॉम्प्युटरची चूक आहे, मी बोलते त्यांच्याशी. आणि मग तुमचं उत्तर आलं. ती रडली. मला वाटलं, नाव तिनंच गाळलं, आता पकडली गेली म्हणून रडते."

उल्कानं मान खाली घातली. चटईवरच्या रिकाम्या सालींवर एक माशी फिरत होती.

"तिच्या लग्नाला गेले नाही मी," कौशल्या म्हणाली. "तिची आई स्वतः कुंकू लावून बोलवायला आली होती. ताप आलाय म्हटलं."

"अक्का, चूक माझी होती. तिची काहीच नव्हती."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि जवळपास खरंही. उल्का म्हणाली, "अर्धं ठाऊक होतं. बघितलं असतं तर पूर्ण कळलं असतं. मला बघायचं नव्हतं."

"सरी," कौशल्या म्हणाली. इकडे 'सरी', म्हणजे 'बरं', कितीही अर्थांनी म्हणतात. हा कुठल्या अर्थाचा, ते उल्काला कळलं नाही, आणि विचारायचा तिला धीर झाला नाही.

तिनं पिशवीतून प्रत काढून दिली. कौशल्यानं पदराला हात पुसले, चष्मा वर सारला आणि इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत स्वतःचं नाव शोधलं. सापडल्यावर बोट तिथंच ठेवलं.

"नाव नीट नाही, असं लिहिलं होतंत तुम्ही," ती खाली बघतच म्हणाली. "नीटच आहे की."

माझंही नाव असंच आहे, मीही एकदा फॉर्मपुढं अशीच अडून बसले होते, असं सांगावंसं उल्काला वाटलं. पण ते सांगणं म्हणजे स्वतःसाठी थोडी सहानुभूती मागणं झालं असतं. उलट ठाऊक असून केलं, एवढंच त्यातून निघालं असतं. रिकाम्या पिशवीची तिनं घडी घातली.

राजलक्ष्मी कॉफी घेऊन आली, दोघींचे चेहरे पाहून पेले ठेवून आत गेली. उल्कानं हात पुढं केला नाही.

"प्या," कौशल्या म्हणाली. "बहिणीनं केलीय." मग थोड्या वेळानं, "भव्याला मी बोलेन. तुम्ही मधे पडू नका."

निघताना ती दारापर्यंत आली नाही. शेंगा अजून बऱ्याच उरल्या होत्या.

चारशे सदतिसांपैकी तीनशेहून जास्त नावं त्या वर्षात दुरुस्त झाली. काही जर्नलं बंद पडली होती, काही उत्तरच देत नव्हती. त्यांची यादी उल्कानं साचाच्या पानावर तशीच उघडी ठेवली. श्रीरंग तिच्याशी पूर्वीसारखाच बोलायचा. तीच पूर्वीसारखी बोलू शकत नव्हती. ब्राझीलहून पुन्हा एकदा आभाराचा मेल आला, तो तिनं आईला वाचून दाखवला नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. कौशल्या होती. भव्याकडून उल्काचा नंबर घेतला होता.

"भव्या आली होती," ती म्हणाली. "बाळाला घेऊन. दोन दिवस राहिली." मग लगेच पुढं म्हणाली, "एक काम होतं. आमच्याकडे मुनियप्पा म्हणून जीपचा ड्रायव्हर होता. तोही एकनावीच. आमच्या आधीच्या साहेबांबरोबर गावोगाव फिरून कुठली नाचणी कुठं पिकते ते सगळं त्यानं दाखवलं. साहेबांचे त्यावर तीन लेख आले. त्यात त्याचंही नाव असंच गळलंय का, बघाल?"

"बघते," उल्का म्हणाली. "संध्याकाळी फोन करते."

तिनं ते लेख काढले. दोन साचाच्या आधीचे होते, त्यांत साचानं नाव गाळायचा प्रश्नच नव्हता. तिसरा साचातून गेलेला. तिनं जुन्या नोंदी उघडल्या, लेखकाची मूळ वर्ड फाईल शोधून काढली, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. आभाराच्या परिच्छेदात गाड्या पुरवल्याबद्दल खात्याचे आभार होते. संध्याकाळी तिनं फोन केला.

"अक्का, ते गळलेलं नाही. त्यांनी लिहिलंच नव्हतं."

"म्हणजे ही तुमची चूक नाही."

"नाही."

"मग हे कुणाला सांगायचं?"

ते साहेब आता कुठं असतात, असं उल्कानं विचारलं. कौशल्या म्हणाली, म्हैसूरला, रिटायर होऊन. पत्ता मिळवायला दोन दिवस लागतील. "मिळाला की द्या," उल्का म्हणाली. "पत्र मी लिहिते. सही तुम्ही करा." कौशल्यानं विचारलं, सहीला नुसतं कौशल्या चालेल ना. "चालेल," उल्का म्हणाली आणि कागद शोधायला उठली.